रक्त ‘साधारण’ गेलं म्हणजे किती? वहिनीचं दुसरं बाळंतपण जुलैत आहे

पारिजात_वाळपई

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या वहिनीबद्दल आहे. तिला तिसावा आठवडा चालू आहे, तारीख जुलैच्या मध्यावरची दिली आहे. हे तिचं दुसरं.

पहिलं तीन वर्षांपूर्वी झालं, चवथीच्या आधल्या आठवड्यात, इकडच्याच एका खाजगी इस्पितळात. मुलगा पहाटे चारला झाला, नॉर्मल, तीन किलोचा. दादा बाहेर जाऊन सगळ्यांना फोन करत होता. सहाच्या सुमारास वहिनी मला म्हणाली, “ताई, कानात शिट्टी वाजतेय गो,” आणि तिचे डोळे फिरले. त्याआधी आईने दोनदा सांगितलं होतं की खालचं फडकं भिजतंय, बदललं तरी पुन्हा भिजतंय. तिला उत्तर मिळालं, “बाळंतिणीला एवढं जातंच.” मग एकदम धावपळ. १०८, वर कोसळणारा पाऊस, मोठं इस्पितळ, दोन पिशव्या रक्त. वाचली.

काल मी पहिल्या इस्पितळाचं कार्ड पुन्हा काढून बघितलं. त्यावर लिहिलंय: रक्तस्राव साधारण. बस, एवढंच. नंतर चार महिने ती कळशी उचलू शकत नव्हती, दूध पाचव्या दिवशी आलं, आणि घरात सगळे म्हणायचे की ही नाजूकच आहे. माझ्या मनातून ते कार्ड जात नाही.

आता तिचं हिमोग्लोबिन ९.१ आहे. तिचं माहेर कणकुंबीला. तिची आई म्हणते, दुसरं आमच्याकडे करू, हवापाणी चांगलं, चार माणसं हाताखाली आहेत. दादाला तिला नाही म्हणायला जड जातंय. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एकदा असं झालं की पुन्हा होतं का? आणि ‘साधारण’ म्हणजे किती, हे कुणी मोजतं तरी का?

देऊळवाडा_केरी

पारिजात, एवढं घाबरू नये. माझ्या आईची सात बाळंतपणं वैजिणीच्या हातची, घरात, कंदिलाच्या उजेडात. आम्ही सातही जण आहोत. माहेरी बाईचं मन शांत असतं, ते औषधापेक्षा मोठं. कणकुंबी काही लांब नाही, घाट उतरला की आपण.

सिस्टर_निवृत्त_फोंडा

पारिजात बाय, मी एकतीस वर्षं बाळंतपणाच्या खोलीत काढली. तुझा दुसरा प्रश्न वाचून मी चष्मा काढून थोडा वेळ बसून राहिले, म्हणून उशिरा लिहितेय. लांबेल, पण वाच.

आधी पहिला प्रश्न. हो, एकदा जास्त रक्त गेलेल्या बाईला पुढच्या खेपेला पुन्हा तसं होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. होईलच असं नाही, बहुतेकींना होत नाही. पण डॉक्टरांना आधीपासून माहीत असेल तर तयारी वेगळी होते. तुमच्या कार्डावर ‘साधारण’ लिहिलंय, त्यामुळे नवीन डॉक्टर ते वाचून पान उलटतील. तेव्हा तोंडाने सांगा, आणि दोन पिशव्या रक्त चढवलं तो मोठ्या इस्पितळाचा कागद सोबत न्या.

आता मोजण्याचं. पुस्तकात आहे की नॉर्मल बाळंतपणात ५०० एमएलच्या वर रक्त गेलं की तो रक्तस्राव जास्त. हे आम्हाला प्रशिक्षणात पाठ होतं. पण ते ५०० कशाने ओळखायचे? डोळ्यांनी. खाली रबरी शीट, त्यावर चादर, चादरीत लघवी, गर्भजल, रक्त सगळं एक झालेलं, थोडं बादलीत, थोडं जमिनीवर. आणि सिस्टर लिहिते: साधारण २५०. मीही लिहिलंय. वर्षानुवर्षं.

एके वर्षी आमच्या खोलीत एक बाई अशीच हळूहळू पांढरी पडली. धो धो असं काही नव्हतंच, नुसतं ठिबकत होतं, आणि ठिबकणाऱ्याला कोणी घाबरत नाही. वाचली ती, पण त्या रात्रीनंतर मी घरून स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. कोरं फडकं आधी तोलायचं, भिजलेलं नंतर तोलायचं, जितके ग्राम वाढले साधारण तितके एमएल रक्त. पहिल्याच आठवड्यात माझं मलाच कळलं की मी जिथे तीनशे लिहिलं असतं तिथे पाचशेच्या आसपास जात होतं.

मग नवीन मुली कामाला आल्या की मी एक खेळ घ्यायचे. सोलांचं पाणी घट्ट काढायचं, मापाने अर्धा लिटर, आणि चादरीवर ओतायचं. विचारायचे, किती? दोनशे. अडीचशे. एखादी धीट मुलगी तीनशे म्हणायची. पाचशे कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. मोठ्या प्रमाणाला डोळा नेहमी कमीच धरतो, आणि नेमकं तिथेच कमी धरून चालत नाही.

पुढे एका प्रशिक्षणात बेळगावचं काम ऐकलं. तुझ्या वहिनीच्या माहेरच्या जिल्ह्यातलं, म्हणून मुद्दाम सांगते. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉ. बी. एस. कोडकणी आणि डॉ. शिवप्रसाद गौडर यांनी अमेरिकेतल्या डॉ. रिचर्ड डरमन यांच्याबरोबर खेड्यांत अभ्यास केला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायका, आणि त्यांच्याजवळ फक्त एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली परिचारिका. डॉक्टर नाही. बाळ झाल्याबरोबर निम्म्या बायकांना गर्भपिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, ६०० मायक्रोग्राम, तोंडाने. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या. ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात जास्त रक्तस्राव ६.४ टक्के, बाकीच्यांत १२ टक्के. जवळजवळ निम्मा. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन याहून चांगलं, पण ते थंडीत ठेवावं लागतं आणि टोचणारा माणूस लागतो. गोळीला फ्रीज लागत नाही. थंडी वाजते, ताप येतो कधीकधी, पण बाई जगते.

मला मात्र त्या गोळीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त धरून राहिली. खेड्यातल्या घरात एएनएमने रक्त मोजायचं कसं? त्यासाठी त्यांनी प्लास्टिकची एक शीट वापरली. बाळ झालं की बाईच्या कमरेखाली सरकवायची; तिचं खालचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं होऊन पिशवी बनतं, आणि पिशवीवर एमएलच्या रेघा. पारदर्शक. रक्त आपोआप उतरतं, बघणाऱ्याने फक्त रेघ वाचायची. त्याच शीटने त्यांनी डोळ्यांचा अंदाज पडताळून पाहिला, तर डोळा सरासरी ३३ टक्के कमी सांगत होता. माझा स्वयंपाकघरातला काटा हेच सांगत होता, पण माझं कोण ऐकणार? यांनी मोजून, लिहून, जगापुढे ठेवलं.

पुढची गोष्ट २०२३ची. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या डॉ. आरी कुमारसामी यांच्या गटाने केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० इस्पितळांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांत, अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या इस्पितळांत हीच रेघांची शीट दिली, आणि रेघ ओलांडली की उपचारांची सगळी पावलं एकदम उचलायची, एकामागून एक वाट बघत बसायचं नाही, असं ठरवलं. गर्भपिशवी चोळणं, ती आवळायचं औषध, रक्त थांबायला मदत करणारं ट्रॅनेक्झामिक अॅसिड, सलाइन, आणि कुठून येतंय ते तपासणं. नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या इस्पितळांत जास्त रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी निम्म्याच ओळखल्या जात होत्या, ५१ टक्के. शीट वापरणाऱ्या ठिकाणी ९३ टक्के. आणि तीव्र रक्तस्राव, त्यापायी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं. औषधं तर त्यातली सगळी जुनीच होती, बाय. नवीन एवढंच की वेळेवर कळलं.

ट्रॅनेक्झामिकचं नाव निघालं म्हणून सांगते. ते शोधलं जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्याने, १९६२ साली प्रसिद्ध केलं. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठीच त्यांना ते हवं होतं. लेकरू सांभाळायला कोणी नव्हतं तेव्हा त्या ते पाठीवर बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. पण तिथल्या प्रसूतीच्या डॉक्टरांना त्या पटवू शकल्या नाहीत. २०१७ मध्ये २१ देशांतल्या वीस हजार बायकांवरचा अभ्यास आला आणि सिद्ध झालं की बाळ झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर रक्त जाऊन होणारे मृत्यू कमी होतात. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षी गेल्या. मला हे आठवलं की घशाशी येतं.

आता तुमच्या घरातलं. तुझ्या आईने दोनदा सांगितलं. तिची नजर बरोबर होती. वार पडली की जिथे ती चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्याच राहतात, त्यांना बंद करते ती गर्भपिशवीच, घट्ट आवळून. दिवस भरलेल्या पिशवीला मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. ती सैल पडली तर किती पटकन जाईल बघ. बेंबीच्या खाली हात लावला की चेंडूसारखी कडक लागायला हवी. मऊ लागली तर तेव्हाच सांगायचं. आणि तरुण बाईचं बीपी शेवटपर्यंत टिकून राहतं, फसवतं. आधी नाडी पळू लागते. ‘बीपी चांगलं आहे’ हे ऐकून गप्प बसू नका, नाडी किती ते विचारा. २०२५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनाही हेच म्हणतात: ३०० एमएल गेलं आणि नाडी-बीपी बिघडलेलं दिसलं तर ५०० ची वाट बघू नका.

माहेराबद्दल स्पष्ट लिहिते, दादाला वाचून दाखव. जुलैत चोर्ला घाटात धुकं असतं, दरड येते, झाड पडतं. पिशवी सैल पडलेल्या बाईकडे घाट उतरण्याइतका वेळ नसतो. जिथे रक्तपेढी आहे, जिथे रात्री दोनला भूलतज्ज्ञ येतो, अशा जागी बाळंतपण होऊ दे. बेळगाव शहरात नातेवाईक असतील तर तारखेच्या दोनतीन आठवडे आधी तिथे, नाहीतर इकडे गोव्यात. आईला कणकुंबीहून बोलावून घ्या. बाळंत झाल्यावर, पाऊस ओसरला की, वहिनीला हवं तितके दिवस माहेरी राहू दे.

देऊळवाडाभाऊ, तुमच्या मातोश्रींना माझा नमस्कार. त्या वैजिणींचे हात मी पाहिले आहेत, पोटावर हात ठेवून बाळाची बाजू सांगायच्या. पण त्याच वाड्यांवर आई नसलेली मुलंही होती, ती आज इथे लिहायला नाहीत.

लाल_पेशी_म्हापसा

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. सिस्टरांनी रक्त जाण्याचं लिहिलं, मी असण्याचं लिहितो. ९.१ वर थांबू नका. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. १२ असलेल्या बाईचं अर्धा लिटर गेलं तर ती चक्कर येऊन उठून बसेल. ९ असलेल्या बाईला तेवढंच रक्त संकटात टाकतं. अजून दहा आठवडे आहेत, हे खूप आहेत.

सरकारी लोह-फॉलिकची गोळी रोज, चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस, अशी योजना आहे. वहिनी खरंच घेते का, हे प्रेमाने विचारा. अर्ध्या बायका मळमळतं म्हणून डब्यात ठेवून देतात आणि सासूला सांगतात घेतली. चहाबरोबर घेतली तर लोह नीट लागत नाही. कॅल्शियमची गोळी आणि ती एका वेळी नको. गोळी सोसत नसेल किंवा आकडा हलत नसेल तर डॉक्टरांना शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा.

त्या फॉलिकची कथा आपल्या मुंबईची आहे, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली, तेव्हा गिरणगावातल्या गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगाने मरत होत्या. तांबड्या पेशी थोड्या पण आकाराने मोठ्या. आधी वाटलं जंतू असेल. मग तिने त्यांचं खाणं बघायला सुरुवात केली. माकडांना तसंच निकस खाणं दिलं, तीही आजारी पडली, आणि शेवटी बरी झाली कशाने, तर मार्माइट म्हणजे यीस्टच्या अर्काने. बायकांनाही त्यानेच गुण आला. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात काय होतं हे तिला माहीत नव्हतं. दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं आणि पानावरूनच नाव पडलं, फॉलिक अॅसिड. आज कोणतीही आशाताई जी गोळी हातावर ठेवते तिच्यात परळ-लालबागच्या त्या बायका आहेत.

तांबडी भाजी, अळसांदे, कुळीथ खाऊ दे, वर लिंबू पिळून. पण नुसत्या भाजीवर ९ चे ११ दहा आठवड्यांत होत नाहीत, म्हणून गोळी.

एक विनंती. तिचा रक्तगट आत्ता लिहून ठेवा, आणि घरातले दोन धडधाकट लोक तारखेच्या आसपास रक्त द्यायला तयार असू देत. आमच्याकडे पहाटे तीनला लोक येतात आणि कोणाचा गट कोणता तेच त्यांना ठाऊक नसतं.

पारिजात_वाळपई

सिस्टर, म्हापसेकर, तुम्हा दोघांचं लिहिलेलं काल रात्री मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. दादा, वहिनी, आई सगळे होते. वहिनीने आधी डबा आणून दाखवला. एकोणीस गोळ्या होत्या. मळमळतं म्हणून, आणि सांगायचं कसं म्हणून. कोणी रागावलं नाही. कणकुंबीला फोन झाला, तिची आई रडली, मग म्हणाली मीच येते, पण चवथीनंतर दीड महिना पोरगी माझी. तसं ठरलं.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. वजनकाट्याचा भाग वाचला तेव्हा आई एकदम म्हणाली, “नऊ.”

काय नऊ, विचारलं. तर म्हणाली, त्या पहाटे नऊ फडकी भिजली होती, माझ्या जुन्या लुगड्याची, सगळी एका मापाची फाडून नेली होती. सात पूर्ण आणि दोन अर्धी. ती तिने घरी आणून विहिरीवर एकटीने धुतली होती, आणि वाळवून, घडी घालून ठेवली होती. तीन वर्षं तिने हे कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. आत जाऊन तिने ती आणून दाखवली.

सिस्टर, मी आज एक फडकं तोललं, पाण्यात भिजवून, थेंब निथळू देऊन पुन्हा तोललं. १७० ग्राम वाढले. नऊने गुणायचं धाडस मला होत नाही. याला काही अर्थ आहे का?

सिस्टर_निवृत्त_फोंडा

आहे, बाय. नेमका आकडा नाही मिळणार, त्यात गर्भजलही असेल, आणि पाणी नि रक्त सारखं निथळत नाही. पण सात पूर्ण आणि दोन अर्धी म्हणजे आठ धर. तेराशेच्या पुढे जातं. कापडात अर्धं गर्भजल होतं असं धरलं तरी ते ‘साधारण’ नव्हतं, आणि दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं ते उगीच नव्हे.

पुढच्या तपासणीला आईला सोबत घेऊन जा. डॉक्टरांसमोर तिलाच बोलू दे, “नऊ फडकी, एका मापाची,” असं, आणि ते नवीन कार्डावर लिहून घ्या. त्यांच्याकडे रेघांची शीट आहे का तेही विचारा. नसेल तर काटा असतोच, बाळं तोलायला.

पारिजात_वाळपई

सोमवारी तपासणी आहे. आईने एक फडकं पिशवीत घालून ठेवलंय.